ड्रॅगनची बैलजोडी

आमच्या वऱ्हाडात ड्रॅगन झाडाला लागतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. सिमेंटच्या खांबावर चढवलेलं निवडुंग, त्याला गुलाबी फळ, आत पांढरा गर, आणि खाल्ल्यावर आपण नेमकं काय खाल्लं याचा पत्ता लागू न देणारी चव. या सगळ्याला मिळून आम्ही ड्रॅगन म्हणतो. आमचे शेजारी खुशालराव यांनी कपाशीला कंटाळून दोन एकर वावरात ड्रॅगन लावला. तेव्हापासून अमरावतीतल्या आमच्या गल्लीत वाढदिवस असो, बाळंतीण असो की डेंग्यू, खुशालरावांकडून ड्रॅगनच येतो. आमच्याकडची माणसं दुखण्यातून लवकर उठतात ती औषधाने नव्हे, उद्या पुन्हा ड्रॅगन येईल या धास्तीने.

त्यामुळे एप्रिलच्या शेवटी पुण्याहून दामिनीचा, म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या नातीचा, फोन आला तेव्हा मी अगदी बेसावध होतो.

"आबा, मी तुमच्याकडे राहायला आले तर मला ड्रॅगन ठेवू द्याल?"

"ठेव ना. एक काय, पेटीभर ठेव."

"खरंच? इथली आजी तर नाहीच म्हणते."

"त्यांना काय कळतं ड्रॅगनमधलं? इकडे ये. रोज सकाळी आजी तुला कापून देईल."

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला.

"कापून?"

"मग? अख्खा कसा खाशील?"

यानंतर फोन सूनबाईंकडे गेला आणि मला कळलं, की हा ड्रॅगन फळ नसून प्राणी आहे, तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा आहे, त्याला गळ्याखाली दाढी असते, आणि लोक तो घरात काचेच्या पेटीत पाळतात. हे सांगून झाल्यावर सूनबाई फोन बाजूला धरून कोणाला तरी म्हणाल्या, "अगं, बाबांना नाही झेपायचं ते."

फोन बाजूला धरल्याने आवाज कमी होतो, असा पुण्यात समज आहे. मला ते वाक्य काना-मात्रेसह ऐकू आलं. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एक सरडा झेपणार नाही?

"मला सगळं माहीत आहे," मी म्हणालो. "मी गंमत करत होतो. आठ दिवसांत आणतो."

आता यात प्रतिष्ठेपेक्षा मोठी एक गोष्ट अडकली होती. आमचा अंकुर आणि सूनबाई आठ महिने जर्मनीला निघाले होते. तेवढे दिवस दामिनीने पुण्याच्या आजीकडे राहायचं की आमच्याकडे, हा प्रश्न होता. पुण्याच्या विहीणबाईंकडे लिफ्ट, पोहण्याचा तलाव आणि इंग्रजीतून पेटी शिकवणाऱ्या बाई. आमच्याकडे मी आणि माझी बायको रुख्मिणी. मागच्या तीन वर्षांत नात आमच्याकडे एकूण एकोणीस दिवस राहिली. रुख्मिणीने कॅलेंडरवर त्या एकोणीस दिवसांना गोल केले आहेत आणि जुनी कॅलेंडरं ती रद्दीत देत नाही. विहीणबाईंनी "आमच्या सोसायटीत पाल चालत नाही" असं सांगून स्वतःचं नुकसान करून घेतलं होतं. दामिनीचं म्हणणं सरळ होतं. जिथे ड्रॅगन, तिथे ती.

मी मोबाइलवर त्या प्राण्याचा फोटो शोधून रुख्मिणीला दाखवला. कुंपणावरच्या सरड्याला कोणी तरी सरकारी कंत्राटात काटेरी तार गुंडाळावी, तसा तो प्राणी दिसत होता.

"हे घरात येईन त मी बाहेर जाईन," ती म्हणाली.

"बरं. मग दामिनी पुण्यालाच राहील."

तिने पोळी उलटली, फुगू दिली, उतरवली.

"खायले काय लागते त्याले?"

गल्लीत बातमी पसरायला तासभर लागला. पहिले आले खुशालराव. ड्रॅगन एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं.

"साहेब, किती एकर लावून राहिले?"

मी फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, फोन आडवा करून पाहिला.

"याले फय कुठी लागते?"

दुसरे आले डोमाजी. हे पलीकडच्या घरात राहतात आणि मोबाइलवर कायदा वाचतात. "साहेब, हे घोरपड होय. घोरपड पायली का मानूस डायरेक्ट आत. तुमाले पेन्शनी हाये म्हनून सांगून राहिलो, नाईतर मले काय करा लागते." तिसऱ्या आल्या समोरच्या ललिताबाई. अंगावर पाल पडली तर काय फळ मिळतं, हे उजवा खांदा, डावा खांदा अशा तपशिलासह पंचांगात आहे. सरडा विकत आणला तर काय, हे त्यात नसल्याने त्या काळजीत होत्या.

डोमाजींच्या बोलण्याने मी जरा हाललो, हे कबूल करतो. मी परवानगी काढायचं ठरवलं. कोणत्या कचेरीत जावं हे ठाऊक नव्हतं, म्हणून जिचा रस्ता पाठ होता त्याच आमच्या जुन्या, शेती खात्याच्या कचेरीत गेलो. माझ्या खुर्चीवर आता शालिकराम बसतो. माझ्या हाताखाली तो शिपाई म्हणून लागला होता आणि मीच त्याला नियम शिकवले. त्याचं फळ मला मिळालं.

"ड्रॅगन ना साहेब? सातबारा आना."

"अरे, तो वावरात नाही, घरात ठेवायचा आहे."

"शेडनेट म्हना ना मंग. पान्याची काय सोय?"

"तो वाटीतून पीत नाही. अंगावर थेंब थेंब टाकावं लागतं." हे मी आदल्या रात्री व्हिडिओत पाहिलं होतं.

शालिकरामचा चेहरा उजळला. "मंग ठिबक म्हना ना बावा. तवापासून काय शेडनेट शेडनेट करून राहिले." त्याने स्वतः फॉर्म भरला, माझा अंगठा एका यंत्रावर टेकवला आणि चहा पाजला. माझा ठिबक सिंचनाचा अर्ज विचाराधीन असल्याचा संदेश तेव्हापासून दर सोमवारी येतो.

अखेर अकोल्याच्या एका दुकानाचा नंबर मिळाला. फोन आरजू नावाच्या मुलीने उचलला. तिने शांतपणे सांगितलं, "अंकल, घोरपड वेगळी. ती आपल्या जंगलातली, तिला हातही लावायचा नाही. हा बाहेरच्या देशातला, आमच्याकडे दुकानातच अंड्यातून निघालेला आहे. पक्की पावती देईन, ती जपून ठेवजा." बत्तीस वर्षांत मला एकाही कचेरीत एवढं सरळ उत्तर मिळालं नव्हतं. आम्हीही कोणाला दिलं नव्हतं.

अकोल्याला मी एकटाच जाणार होतो. पण बडनेऱ्याच्या फलाटावर खुशालराव डोक्याला दुपट्टा बांधून उभे.

"ढोर घ्यायले एकट्यानं जाऊ नोये," ते म्हणाले.

मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी मला जनावर पारखण्याच्या अकरा खुणा सांगितल्या. त्यातल्या नऊ शिंगांविषयी होत्या.

मे महिन्यातलं दुपारचं अकोला ज्यांनी पाहिलं नाही, त्यांना सांगून उपयोग नाही. ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना सांगायची गरज नाही. ऑटोच्या सीटवर बसलो ते उठताना चिकटूनच राहिलो. नबीभाईंच्या दुकानात पुढे रंगीत मासे आणि लव्हबर्ड, मागच्या खोलीत काचेच्या पेट्या. मागचा कारभार आरजूचा. ती प्राणिशास्त्र शिकते आणि माणसांकडेही त्याच नजरेने पाहते. मला वाटलं होतं, आपण प्राणी पाहायला आलो. तिने मलाच स्टुलावर बसवलं.

"घरात माणसं किती?"

"दोन. तिसरं येणार आहे."

"मांजर?"

"नाही."

"कूलर कोणत्या खोलीत? दिवसभर घरी कोण असतं? चिडचिडं कोणी आहे का?"

माझ्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी मुलाकडच्यांनी असेच प्रश्न विचारले होते. तेव्हा मी सगळ्यांची उत्तरं दिली होती; या शेवटच्या प्रश्नाला तेव्हाही खोटं बोललो होतो, आताही बोललो.

मग खुशालराव पुढे झाले. पेटीत वाळूच्या रंगाचे, वीतभर लांबीचे चार-पाच जण दगडांवर बसून आमच्याकडे निवृत्तिवेतनधारकांसारखे पाहत होते.

"दात दाखव," खुशालराव म्हणाले.

"काका, तोंड उघडायचं नाही."

"दात न पाहता कोनी जनावर घेते काय? मंग चाल दाखव. लंगडं निंगालं त वापस घेशीन?"

मला वाटलं ही आता आम्हाला बाहेर काढणार. पण आरजूने एक ड्रॅगन हातावर घेतला आणि म्हणाली, "हे पाहा काका. डोळे चमकतात का? पायाची सगळी बोटं, सगळी नखं मोजा. शेपटी वाकडी नको. आणि शेपटीच्या बुडाशी हात लावून पाहा, मांस भरलेलं पाहिजे. तिथे हाड लागलं तर समजायचं उपाशी आहे."

खुशालरावांनी बोटं मोजली, बुडाशी चाचपून पाहिलं, आणि माझ्याकडे वळून आदराने म्हणाले, "साहेब, बैलच होय हा."

दोन प्राणी त्यांना पसंत पडले. एक तांबूस, एक पिवळसर. त्यातला कोणता घ्यावा यावर मी विचार करत असतानाच आरजू आत जेवायला गेली, आणि पुढचं सगळं त्या पंधरा मिनिटांत झालं.

नबीभाईंचे वडील बैलबाजारात दलाल होते, हे बोलता बोलता निघालं. त्याबरोबर खुशालरावांनी डोक्याचा दुपट्टा सोडला आणि नबीभाईंच्या हातावर पसरला. ज्यांना बैलबाजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे दुपट्ट्याखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात, कोणतं बोट किती वेळा दाबलं त्यावर आकडा ठरतो, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. बाजूला मी उभा होतो. दुपट्टा हालत होता. खुशालराव छताकडे पाहत होते, नबीभाई माशांकडे. मधूनच नबीभाई "नाही ना भाऊ, घरात नाही पडत" म्हणत, खुशालराव "अल्लाले भिऊन सांगा" म्हणत, आणि पुन्हा दुपट्टा हाले. माझ्या ड्रॅगनचा सौदा माझ्यापासून गुप्त ठेवण्यात आला होता.

शेवटी खुशालरावांनी हात बाहेर काढला, माझ्या खिशातली नोट काढून नबीभाईंच्या तळव्यावर ठेवली आणि दुपट्टा झटकला.

"घ्या. जोडी झाली."

"जोडी? मला एक पाहिजे."

"एक बैल कोनी घेते काय, साहेब? एकटं जनावर दावनीले झुरते. अन् भाव असा पाडला का तुमी एकाच्या पैशात..."

"अहो, पण हे बैल नाहीत."

"तुमीच त म्हनले ना मंघाशी, बैलच होय म्हून."

ते मी म्हणालो नव्हतो. पण सांगून उपयोग नव्हता, कारण इसार दिला गेला होता. इसाराची नोट एकदा विकणाऱ्याच्या हातावर पडली, की सौदा मोडणारा माणूस चार गावांत तोंड दाखवू शकत नाही. आरजू हात पुसत बाहेर आली आणि थबकली.

"अब्बा, दोन्ही नर आहेत."

"बेटा, इसार झाला," नबीभाई खालच्या आवाजात म्हणाले. तीही त्याच घरातली. तिने कपाळाला हात लावला, दोघांना दोन वेगळ्या खोक्यांत घातलं आणि मला एक छापील कागद दिला. "अंकल, यात सगळं लिहिलं आहे. घरी जाऊन पहिलं काम, हा वाचजा."

त्यानंतर मी उष्णता विकत घेतली. बाहेर शेहेचाळीस अंश तापमान असताना, मे महिन्याच्या अकोल्यात, मी पैसे देऊन गरम होण्याचा दिवा घेतला. "पेटीत एका बाजूला चाळीस लागतं," आरजू म्हणाली. मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "घरात कूलर लावाल ना," ती म्हणाली, "मग त्याला थंडी वाजेल." दिव्याचं खोकं घेऊन आम्ही स्टेशनला चाललो तेव्हा रसवंतीवरचा माणूस रस काढायचं थांबवून आमच्याकडे पाहत होता.

घरी आल्यावर मी आरजूचा कागद पंच केला आणि फाईलला लावला. वाचला नाही. आलेला कागद वाचायचा नसतो, लावायचा असतो. ही सवय बत्तीस वर्षांत अंगात मुरते. पेटी एकच घेतली होती, कारण खुशालराव म्हणाले, "एका दावनीले दोन बैल राह्यतात, त एका पेटीत दोन सरडे नाई राह्यनार?" त्यांनी नावंही ठेवली. लाल्या आणि पिवया.

पेटी पुढच्या खोलीत ठेवली. एका कोपऱ्यात दिवा उष्णता तयार करी, दुसऱ्या कोपऱ्यात कूलर ती घालवी. हा कारभार मला अनोळखी नव्हता. कचेरीत आम्हीही एका टेबलावर अर्ज मागवत असू आणि दुसऱ्यावर फेटाळत असू. मीटर मात्र पंख्यासारखं फिरत होतं. खाण्यासाठी आरजूने जिवंत रातकिडे प्लॅस्टिकच्या डब्यात दिले होते. डोमाजी कायदा सांगायला आले आणि बोलता बोलता चिवडा समजून त्यांनी डब्याचं झाकण काढलं. त्या दिवसापासून ते आमच्याकडे येताना हात खिशात ठेवतात.

पण दोघांचं जमलं छान, असं आम्हाला वाटलं. लाल्या पिवयाच्या पाठीवर चढून दिव्याखाली तासन् तास बसे. मधूनच जोरजोरात मान हालवी. पिवया एक हात हळूच वर करून गोल फिरवी.

"पाह्य ना, रामराम करून राह्यला," रुख्मिणी म्हणाली. जी बाहेर जाणार होती ती आता पेटीजवळून हालत नव्हती. घोळाची भाजी बारीक चिरून दोघांना देत होती. "अन् कसा जीव लावून बसते थो त्याच्यावर. अंकुर अन् तुमी कधी बसले काय अशे?"

ललिताबाईंनी फोटो काढला. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दोघांची घट्ट मैत्री. दामिनीची वाट पाहत आहेत." विहीणबाईंनाही तो दिसेल, हा विचार मनात अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही.

दोन मिनिटांत दामिनीचा व्हिडिओ कॉल.

"आबा, दोघांना एका पेटीत ठेवलंत?"

"मग? एका दावणीला..."

"ती मैत्री नाहीये. वरचा खालच्याचं ऊन चोरतोय. तो बॉस आहे. मान हालवतो म्हणजे धमकी देतोय."

"आणि हा रामराम करतो तो?"

"तो म्हणतोय, मी हरलो, मला मारू नका."

ही खूण मी स्वतः प्रत्येक बदलीच्या मोसमात केली होती. पिवयाच्या बाबतीत ती मला ओळखता येऊ नये, याचं वाईट वाटलं.

"दुकानात कागद दिला असेल ना? त्यात लिहिलेलं असतं."

"कागद आहे," मी म्हणालो. "व्यवस्थित लावलेला आहे."

"वाचलात?"

दामिनीच्या मागे विहीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काही म्हटलं नाही. पुण्याच्या माणसाने काही म्हटलं नाही की फार बोलल्यासारखं होतं.

"मला सगळं माहीत आहे," मी म्हणालो. "आता वेगळे करतो." आणि फोन ललिताबाईंच्या हातात देऊन पेटीत हात घातला.

लाल्याने तोंड उघडलं. त्याच्या गळ्याखालची दाढी फुगली आणि बघता बघता कोळशासारखी काळी झाली. दाढीवाला म्हणजे काय, हे मला त्या क्षणी समजलं, आणि मी हात इतक्या वेगाने मागे घेतला की झाकण खाली पडलं. लाल्या जागेवरून हालला नाही. पिवया मात्र बत्तीस वर्षांत एकदाच मिळते तशी संधी साधून पेटीबाहेर आला, टेबलावरून खाली गेला, आणि जमिनीवरून पळत थेट कूलरच्या मागच्या फटीतून आत, ओल्या गवताच्या जाळीत शिरला.

"कूलर बंद करा," दामिनी पुण्याहून ओरडली. "तो गारठेल, पंख्यात जाईल."

कूलर बंद केला. जाळी काढली, गवत उपसलं. पिवया नाही. खुशालराव धावत आले आणि कूलरमध्ये तोंड घालून "हो, हो, हो राज्या" करू लागले. डोमाजींनी खिशातून हात न काढता पंचनाम्याचा सल्ला दिला. रुख्मिणी फरशीवर आडवी होऊन कूलरखाली घोळाची भाजी धरून होती. ललिताबाई फोन धरून एवढ्या रंगल्या होत्या, की पुण्यात आमच्या घराचा कोपरा न् कोपरा, पापडाच्या वाळवणासकट, दिसत होता.

मला पिवया दिसत नव्हता. मला कॅलेंडर दिसत होतं. एकोणीस गोल. विसावा होणार नव्हता.

मी फोन घेतला. दामिनीचे डोळे भरलेले होते.

"बाई," मी म्हणालो, "मला यातलं काही माहीत नाही. पहिल्या दिवशीपासून नाही. मला वाटलं, तू फळ मागते आहेस. कागद मी वाचला नाही. एकाऐवजी दोन आले तेही मला कळलं नाही. तुझी आई बरोबर बोलली होती."

खुशालरावांनी कूलरमधून तोंड बाहेर काढलं. एवढं खरं मी बोललेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हा वीज गेली. दिवा विझला, पंखे थांबले. आमच्या भागात दुपारी वीज जाते तेव्हा लोक शिव्या देतात; त्या दिवशी कोणाला सुचलं नाही. दहा मिनिटांत खोलीचा तवा झाला. माझ्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. पंधराव्या मिनिटाला कूलरच्या टपावर एक ओलं, पिवळसर डोकं वर आलं. त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी न चोरता पुरेशी ऊब मिळाली होती. रुख्मिणीने भाकरीच्या फडक्यात त्याला उचललं, जसं ती कधीकाळी अंकुरला आंघोळीनंतर उचलायची, आणि वेताच्या टोपलीत ठेवलं.

फोनमध्ये दामिनी नाक पुसत, मागे वळून विहीणबाईंना म्हणाली, "आजी, अमरावतीच्या आजीला त्याला उचलता येतं. पण आबांना काहीच येत नाही. मी गेले नाही तर ते दोघं मरतील."

"कोण दोघं?" विहीणबाईंनी विचारलं. मला तो प्रश्न बोचला.

चौथ्या दिवशी बडनेऱ्याला गाडीतून दामिनी उतरली, हातात थर्मामीटर. पोहोचवायला विहीणबाई आल्या होत्या. दुसऱ्याच गाडीने परत गेल्या. अमरावती हे राहायचं ठिकाण नसून भाजायचं आहे, असं त्यांचं मत झालं. घरात पाऊल टाकल्यावर दामिनीने ना मला नमस्कार केला ना चहा घेतला. तिने आरजूला फोन लावला, दोघींचं अर्धा तास बोलणं झालं. रुख्मिणीच्या काचेच्या शोकेसमधली चांदीची भांडी बाहेर आली आणि शोकेसमध्ये पिवया गेला. पेटी आणि शोकेसच्या मध्ये पुठ्ठा लावला, म्हणजे दोघांना एकमेकांचं तोंड दिसू नये. अशी सोय आमच्या कचेरीत असती तर पुष्कळ फाईली मार्गी लागल्या असत्या.

संध्याकाळी तिने वहीच्या कागदावर नियम लिहून माझ्यापुढे ठेवले. आबांनी प्राण्यांना हात लावायचा नाही. आबांनी रातकिड्यांचा डबा जेवणाच्या टेबलावर ठेवायचा नाही. आबांनी "मला माहीत आहे" म्हणायचं नाही. खुशालआजोबांनी लाल्याचे दात पाहायचे नाहीत. खाली सहीची जागा, आणि तिच्यावर एक रकाना, "मुदत".

ती पेन घेऊन त्यात "आठ महिने" लिहायला लागली, तेव्हा मी तिचा हात धरला.

"हे आता लिहू नकोस. मुदतीचा रकाना सुरुवातीला कोरा ठेवायचा असतो."

"का?"

"नियम आहे."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात रुख्मिणी उभी होती, हातात घोळाची जुडी, आणि ती माझ्याकडे मुळीच संशयाने पाहत नव्हती. मी चष्मा लावला, एकूण एक नियम वाचला आणि सही केली.

"मग मुदत कधी भरायची, आबा?"

"पाहू," मी म्हणालो. "उद्या."